पॅकेज साडेसदतीस हजारांचं, खात्यात साडेअठ्ठावीस

या वेळची बहुतेक पत्रं पुण्या-मुंबईत पहिली किंवा दुसरी नोकरी करणाऱ्यांची आहेत, एक पत्र वडिलांचं आहे. भाडी आणि पगाराचे आकडे पत्रांतलेच घेतले आहेत. करांचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमांनुसार आहेत.

प्रश्न : मी लातूरचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत साडेचार लाखांच्या पॅकेजवर लागलो. बाराने भागलं की साडेसदतीस हजार येतात, पण खात्यात २८,५४८ रुपये जमा झाले. एचआरला विचारलं तर ‘स्ट्रक्चरच तसं आहे’ एवढंच सांगतात. नऊ हजार गेले कुठे?

उत्तर : कुठे गेले नाहीत. त्यातले बरेचसे तुमच्या मासिक पगारात कधी नव्हतेच. पॅकेज, म्हणजेच सीटीसी, हा तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यावरूनच उलगडा करू.

साडेचार लाखांतले ४५,००० ‘व्हेरिएबल’ आहेत. ते दरमहा मिळत नाहीत, वर्षातून एकदा मिळतात, तेही कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर. राहिले ४,०५,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ दरमहा १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००. तुमचा बेसिक (मूळ पगार) वर्षाला २,२५,००० आहे, त्याच्या ४.८१ टक्के म्हणजे १०,८२३ रुपये ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी) धरलेत. गटविम्याचा हप्ता ६,०००. हे सगळं वजा जाऊन वर्षाचे ३,६६,५७७ उरतात, महिन्याला ३०,५४८. ही तुमच्या पगारपत्रकावरची ‘ग्रॉस’ रक्कम. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की २८,५४८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर रुपये कमी येतील, घाबरू नका. आयकर शून्य आहे, कारण नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

यातला पीएफ तुमचाच आहे. दोन्ही वाटे मिळून महिन्याला ३,६०० जमा होतात. तुमचा बेसिक महिन्याला १५,००० च्या वर आहे, त्यामुळे पीएफचे नवे सभासद असाल तर पेन्शन खात्यात काही जात नाही, सगळ्या रकमेवर व्याज मिळतं (२०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता). काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर न कापता पूर्ण बेसिकवर कापतात. तुमच्या कंपनीने तसं केलं असतं तर दोन्ही वाटे मिळून हातात नऊशे रुपये कमी आले असते आणि पीएफमध्ये नऊशेच जास्त पडले असते. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण केल्यावरच ती मिळते, आणि तुमच्या वयात पाच वर्षं एका ठिकाणी कोण राहतं? म्हणून ऑफर तोलताना ग्रॅच्युइटी शून्य धरा आणि व्हेरिएबल निम्मं. घरभाडं ठरवताना तर व्हेरिएबल डोक्यातून काढूनच टाका.

पुढच्या वेळी सही करण्याआधी एचआरकडून तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या : दरमहा खात्यात किती येणार, पीएफ कशावर कापणार, आणि व्हेरिएबल कोणत्या महिन्यात देणार. व्हेरिएबल देण्याच्या तारखेला तुम्ही नोकरीत असणं सक्तीचं आहे का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी असतं, म्हणून मार्चऐवजी फेब्रुवारीत राजीनामा देणाऱ्याचं वर्षाचं व्हेरिएबल बुडतं.

प्रश्न : ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला. वारज्यात कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) ५,५०० मध्ये जागा मिळते. वाकडला चौघांनी मिळून टू बीएचके घेतला तर भाडं २८,०००, म्हणजे डोई ७,०००. घरचे म्हणतात स्वस्त पडतं तिथे राहा. गाडी आहे. काय करावं?

उत्तर : आधी पेट्रोल. वारजे ते फेज थ्री जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर, वाकडहून १८. महिन्याचे २२ दिवस, गाडीचं ॲव्हरेज ४५ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वारज्याहून २,०५० रुपये लागतात, वाकडहून ९२५. भाड्यात वाचलेल्या दीड हजारांतले अकराशे तिथेच गेले. उरले चारशे. त्यासाठी रोज दीड तास जास्त रस्त्यावर, म्हणजे महिन्याला ३३ तास. आणि पावसाळ्यात हायवेवर वाहतूक तुंबली की दीडाचे अडीच व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या दोन वर्षांत हेच तास नवं काही शिकायला लागतात, त्यामुळे वारजं आम्ही बाद करू.

पण वाकडचा फ्लॅटही लगेच घेऊ नका. फ्लॅटमध्ये शिरतानाच काय लागतं बघा. दोन महिन्यांचं डिपॉझिट ५६,०००, तुमचा वाटा १४,०००. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, वाटा ७,०००. पहिलं भाडं ७,०००. करारनामा डोई सहाशे-सातशे. गादी, बादली, शेगडी, कुकर, वायफायचं कनेक्शन यांचे चार-पाच हजार. पहिला पगार व्हायच्या आत ३३,००० हातात हवेत. त्यात एक मेख आहे : बऱ्याच कंपन्यांत पगाराची यादी २० ते २५ तारखेच्या सुमारास बंद होते. २६ तारखेला रुजू झालात तर पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतो. हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच महिन्यात मित्रांकडे हात पसरणारे बरेच.

म्हणून पहिले तीन महिने हिंजवडी गाव किंवा वाकडमध्येच कॉट बेसिसवर काढा. डिपॉझिट एक महिन्याचं असतं, करारनाम्याची भानगड बहुधा नसते, प्रोजेक्ट किंवा ऑफिस बदललं तर निघता येतं. खोली बघायला रात्री आठनंतर जा, दुपारी नाही. पाणी किती वाजता येतं, एका बाथरूममागे किती जण आणि मेसच्या रविवारच्या सुट्टीचे पैसे कापले जातात का, हे रात्री तिथे राहणारी मुलंच सांगतात.

तीन महिन्यांनी फ्लॅट घेताना करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मग तो ११ महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘चालतंय की’ म्हणणारे एजंट भेटतील. डिपॉझिट अडकलं की त्या कागदाच्या जोरावर भांडणं जड जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. तुमच्या फ्लॅटसाठी भाड्याचे ३,०८,००० अधिक व्याजाचे ५,१३३, त्याचा पाव टक्का साधारण आठशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. वर जे काही आहे ते घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाचं. ते पाचशे आहे की दोन हजार, आधी ठरवा.

करारात चौघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर करार असला आणि तोच बंगळुरूला गेला, तर बाकीच्यांना नव्याने करार आणि नव्याने ब्रोकरेज. लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही) तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर किती, ते आकड्यातच लिहा. ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असलं की निघताना महिन्याचं भाडं गेलं समजा. सोसायटीचे भाडेकरूंमुळे लागणारे ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ मालकाने भरायचे असतात, भाडेकरूने नाही.

चावी मिळेल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा, भिंतींच्या ओलीचा, नळांचा आणि गीझरचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, प्रत्येक टप्प्याला युनिट महाग. चौघांसाठी चार वेळा लावलेला गीझर आणि एक एसी मिळून ३०० ओलांडायला उन्हाळ्यात वेळ लागत नाही. एसी वापरणाऱ्याने जास्त भरायचं की समान वाटणी, हे मार्चमध्येच ठरलेलं बरं. मे महिन्याचं बिल हातात आल्यावर हा विषय काढला की मैत्री पणाला लागते.

प्रश्न : मी कोल्हापूरची, पुण्यात दोन वर्षं नोकरी करते. हातात ३२,०००, हॉस्टेलचं भाडं ७,०००. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) कंपनीकडून ४५,००० हातात येतील अशी ऑफर आहे. डोंबिवलीत मैत्रिणींबरोबर ६,५०० मध्ये सोय होईल, मरोळला कॉट १३,००० ला आहे. जावं का?

उत्तर : मरोळला राहिलात तर तेरा हजारांच्या वाढीतले सहा हजार भाड्यात जातील. जेवण, चहा आणि कोल्हापूरच्या फेऱ्या यांचे दीड-दोन हजार वाढतील. खरी वाढ महिन्याला पाच हजारांची.

डोंबिवलीत पैसे वाचतील, मात्र बीकेसीची अडचण शेवटच्या तीन किलोमीटरची आहे. फास्ट लोकलने कुर्ल्याला पाऊण तासात पोहोचाल, मग कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाच्या किंवा बसच्या रांगेत उभं राहा. दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीत चढायचं तर तिथूनच सुटणाऱ्या लोकलचं वेळापत्रक पाठ करावं लागेल. मरोळची गंमत अशी की ॲक्वा लाइन, म्हणजे आरे ते कफ परेड ही मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे आणि तिच्यावर मरोळ नाका आणि बीकेसी ही दोन्ही स्टेशनं आहेत. मरोळ नाक्यालाच वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मिळते, त्यामुळे साकीनाका, असल्फा, घाटकोपर या बाजूच्या खोल्याही पाहा. मरोळपेक्षा हजार-दोन हजार कमी पडले तर तीच जागा घ्या.

महिन्याच्या पाच हजारांसाठी शहर बदलू नये. कामासाठी बदलायला हरकत नाही. शेवटच्या बोलणीत हे विचारा : या जागेवर आधी कोण होतं आणि ती व्यक्ती आता कंपनीत कुठे आहे, पहिल्या सहा महिन्यांत नेमकं कोणतं काम येईल, मी कोणाला रिपोर्ट करणार. तिन्हींची उत्तरं गोलमोल आली तर पुण्यातच दुसरी ऑफर शोधा. ‘नवी टीम उभी करतोय, तुम्ही क्लायंटशी थेट बोलाल’ असं ठोस काही असलं तर जा, कारण पुढची ऑफर ४५ वरून सुरू होईल, ३२ वरून नाही.

प्रश्न : तीन वर्षांचा अनुभव, ग्रॉस ९०,०००. ऑक्टोबरपासून १,३०,००० ची ऑफर. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, नव्या कंपनीला मी ४५ दिवसांत हवा आहे. बायआउट (नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे कंपनीला भरून सुटणं) करावं का?

उत्तर : नियुक्तिपत्र काढा आणि बायआउट ‘बेसिक’वर लिहिलंय की ‘ग्रॉस’वर, ते पाहा. तुमचा बेसिक ४५,००० आहे. ४५ दिवसांचं बेसिकवर ६७,५०० होतं, ग्रॉसवर १,३५,०००. दुप्पट फरक. बेसिकवर असेल तर करून टाका, दोन महिन्यांच्या वाढीत निघतं. ग्रॉसवर असेल तर शिल्लक रजा नोटिशीत वळती करून मिळते का विचारा, आणि नव्या कंपनीशी बोला. बऱ्याच कंपन्या बायआउट भरून देतात, पण वर्षाच्या आत सोडलंत तर परत घेतात. शिवाय ती रक्कम तुमच्या पगारात मिळवली जाऊन तिच्यावर कर लागू शकतो. जुन्या कंपनीची ‘लवकर सोडायला हरकत नाही’ ही संमती ईमेलवर आल्याशिवाय नव्या ठिकाणी तारीख देऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत ते जास्त महत्त्वाचं. एप्रिल ते सप्टेंबर ९०,००० प्रमाणे ५.४ लाख, पुढचे सहा महिने १.३ प्रमाणे ७.८ लाख, एकूण १३.२ लाख. जुनी कंपनी वर्षाचे १०.८ लाख धरून चालली होती, म्हणून तिने कर कापला नाही. नव्या कंपनीला फक्त ७.८ लाख दिसतात, म्हणून तीही कापणार नाही. जुलैत रिटर्न भरताना मात्र ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १२.४५ लाख करपात्र निघतील. स्लॅबप्रमाणे कर ६६,७५० होतो, मार्जिनल रिलीफ या सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या ४५,००० इतका खाली येतो, त्यावर ४ टक्के सेस. एकूण ४६,८०० रुपये एकरकमी, शिवाय आगाऊ कर न भरल्याचं व्याज. नव्या कंपनीत रुजू होताच जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्या, म्हणजे हाच कर सहा महिन्यांत थोडा थोडा कापला जाईल.

जुना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या खात्यात वळवा. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना काढलेल्या पीएफवर कर लागतो.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरहून. कंपनी दोन वर्षांचा, दीड लाखाचा बाँड (मुदतीआधी सोडल्यास तेवढी रक्कम भरण्याचा करार) मागते आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणार म्हणते.

उत्तर : मार्कशीट देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे आणि त्याच टेबलावर परत घ्यायचे. जी कंपनी यावर अडून बसते, ती पुढे रिलीव्हिंग लेटरसाठीही अडवील.

बाँड बेकायदाच असतो हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच मिळते, कागदावर लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तुमच्या प्रशिक्षणावर खर्च काय झाला, हा प्रश्न कोर्टात येतोच. त्यामुळे सही करण्याआधी दोन वाक्यं घालून घ्या : दर महिन्याला रक्कम त्या प्रमाणात कमी होईल, आणि कंपनीने कामावरून काढलं तर बाँड लागू नाही.

प्रश्न : मुलगा पुण्यात आहे, वय २५, हातात ५५,००० येतात. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. ५० लाखांचा बांधकाम सुरू असलेला फ्लॅट बुक करावा असं मला वाटतं, तो टाळतो. — एक वडील, बार्शी

उत्तर : या वेळी मुलाचं ऐका. ५० लाखांच्या फ्लॅटला बँक ४० लाख देईल. उरलेले १० लाख, पुण्यात ७ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क साडेतीन लाख, नोंदणी ३०,००० आणि ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख, असे १६ लाख ३० हजार घरातून घालावे लागतील. साडेआठ टक्के दर धरला तर वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० येतो. ताबा मिळेपर्यंत बँकेचं व्याज आणि राहत्या जागेचं भाडं दोन्ही चालू. म्हणजे ५५ हजारांतून जेवणखाण भागवणंही कठीण.

त्याहून मोठा तोटा असा की असा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा वाईट मॅनेजर सहन करतो, बंगळुरूची चांगली ऑफर सोडतो आणि पगारवाढ मागताना नमतं घेतो. पगार एक लाखाच्या पुढे गेल्यावर आणि शहर नक्की झाल्यावर हा विषय काढा. तोवर त्याने त्या हप्त्यातले पंधरा हजार दरमहा बाजूला टाकावेत. घर घ्यायला ते लागतीलच.

प्रश्न : यवतमाळला घरी दरमहा १०,००० पाठवतो. हातात ३१,०००. क्रेडिट कार्डावर ३८,००० थकलेत, ‘मिनिमम ड्यू’ नियमित भरतो, तरी रक्कम कमी होत नाही.

उत्तर : होणारच नाही. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ३८,००० वर १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९, एकूण १,५६९. पाच टक्के किमान रक्कम १,९००. मुद्दलातून ३३१ रुपये गेले. त्यात थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, कार्ड घासल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. दुकानातला किराणासुद्धा वर्षाला ४२ टक्क्यांनी पडतोय.

कार्ड ॲपमध्येच बंद करून ठेवा. बँकेला फोन करून थकबाकीचे १२ महिन्यांचे हप्ते करून घ्या, दर साधारण १४ ते १८ टक्क्यांपर्यंत पडतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड विचारा. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास हप्ता येईल. तो बसवायला घरी चार महिने दहाऐवजी आठ हजार पाठवा आणि कारण खरं सांगा. लपवलंत तर दिवाळीला पुन्हा कार्डच बाहेर निघेल.

घरी पाठवता त्यातूनच आई-वडिलांचा आरोग्य विमा काढून द्या. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कंपनीच्या गटविम्यात ते असले तरी नोकरी सुटली की तो विमाही सुटतो. साठीच्या आतला हप्ता पुष्कळ कमी असतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजायला लागतात. प्रस्ताव अर्जात वडिलांचा मधुमेह, रक्तदाब जे असेल ते स्पष्ट लिहा. एजंट ‘नका लिहू, हप्ता वाढेल’ म्हणाला तर एजंट बदला, दाव्याच्या वेळी कंपनी हीच ओळ शोधते.